पलंगाखाली बघणारी शेजारीण

तेलगावात आमच्या शेजारी एक बाई राहतात. कुणाच्याही घरी गेल्या की आधी वाकून पलंगाखाली बघतात, मगच टेकतात. आवाज असा की साऱ्या गल्लीला कळावं: "लेकराच्या घरात फवारणीचं औषध खाली कशापायी ठिवलंय?" मला त्यांचा लई राग यायचा.

यंदा मुलानं कपाशीचं औषध चुलतभावासोबत वाटून घेतलं आणि आपला वाटा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत आणून पलंगाखाली ठेवला. तीन वर्षांच्या नातीनं ती तोंडाला लावली. मी मीठपाणी पाजायला धावले, तर आरडाओरडा ऐकून आलेल्या बाईंनी पेला हिसकावला. "ओकाया लावू नका! दवाखान्यात पळा, डबा मी आणते!" औषधाचा डबा चुलतभावाकडंच राहिला होता. आमची रिक्षा सुटायच्या आत बाई तो उंच धरून पळत आल्या. डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि लगेच उपचार सुरू केले.

नात बरी होऊन घरी आली त्या दिवशी बाई नेहमीसारख्या आत शिरल्या आणि पलंगाखाली वाकल्या. त्यांच्या शेजारी नातही वाकली.

"काईच न्हाई!" दोघी एकदम ओरडल्या.

मी म्हटलं, "आणखी जोरात वरडा. गल्लीला ऐकू जाऊ द्या!"