कुजबुजताईंची एजन्सी

पडदा वर जातो. रंगमंचावर एक खोली. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान असल्यामुळे हातोडीचे ठोके मधूनमधून जमिनीतून वर येतात. डावीकडे झाकून ठेवलेलं शिवणाचं मशीन, उजवीकडे कोपऱ्याचा टवका उडालेला उभा आरसा, मधोमध कुठल्याशा दवाखान्यातून मोडीत निघालेलं बाकडं. मागे दोरीवर जुनी चादर टाकली आहे आणि तिच्याआडून एक बाई अर्ध्या आवाजात कुणाला तरी सांगते आहे, "घाई नको. समोरच्याचं संपू दे." प्रकाश हळूहळू वाढतो. मायबाप प्रेक्षकहो, मोठमोठ्या थिएटरांत मी उभा राहिलो, पण आज डोळे मिटले की आधी ही खोली दिसते.

चादरीआडच्या बाई म्हणजे आमच्या कुजबुजताई. आमच्या नाटक कंपनीत त्या प्रॉम्प्टर होत्या. नट वाक्य विसरला की विंगेतून ते हळूच त्याच्या कानात सोडायचं, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आमच्या तोंडी ते कधी बसलं नाही. मी जन्मभर राजे, सरदार आणि न्यायाधीश झालो, आणि माझे निम्मे हुकूम आधी त्यांच्या तोंडून निघालेले असत. खच्चून भरलेल्या थिएटरात त्यांचा आवाज अडलेल्या नटापर्यंतच पोचायचा. पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागत नसे.

आवाजापेक्षा त्यांचे कान मोठे. नट मध्येच गप्प झाला तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्यांना कळायचं. एकदा मी विचारलं, कसं हो कळतं? म्हणाल्या, "अडलेला माणूस श्वास वर धरून ठेवतो, राजेसाहेब. थांबलेला सोडून देतो. अडलेल्याला वाक्य द्यायचं. थांबलेल्याच्या वाटेला जायचं नाही." मला त्या राजेसाहेबच म्हणत. भूमिकेतला राजा घरी जाताना उतरून ठेवायला मी विसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग थिएटर विकलं गेलं आणि तिथे फर्निचरचं दुकान झालं. जिथे माझं सिंहासन असायचं तिथे सोफे मांडले गेले. आम्ही नटमंडळी इकडेतिकडे लागलो. कुणाला मालिका मिळाली, कुणाला जाहिरातींना आवाज द्यायचं काम. प्रॉम्प्टरला कोण विचारतो? मालिकेत वाक्य चुकलं तर पुन्हा घेतात. निरोपाच्या चहाला सगळ्यांनी ताईंना भरपूर सल्ले दिले, आणि त्यांनी कप खाली ठेवून शांतपणे सांगितलं की मी एजन्सी काढणार आहे. नवी माणसं शोधणार, तयार करणार आणि निर्मात्यांच्या दारात नेऊन उभी करणार. आमच्या खलनायकाला चहाचा ठसका लागला.

पण त्यांचं गणित पक्कं होतं. प्रेक्षक बोलणाऱ्या नटाकडे बघतो. विंगेतून दिसतो तो दुसरा, जो तेव्हा बोलत नसतो. आमच्यातले बडे नट दुसऱ्याच्या भाषणात मुंडाशाचा तुरा नीट करत बसायचे, आणि मागे भाला धरून उभा असलेला एखादाच जीव कान देऊन ऐकत असायचा. तो बिचारा भाल्यासकट निवृत्त व्हायचा. "असे भालेवाले मी किती घरी जाताना बघितले," ताई म्हणाल्या. "आता जाऊ द्यायचे नाहीत."

खोली त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची. अक्कांचे डोळे थकले आणि शिवण बंद झालं, म्हणून ती रिकामी होती. पण अक्कांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, ती जावयाला शिकवणीचे वर्ग घ्यायला कबूल केली होती. बरीच वादावादी होऊन तोडगा निघाला. नव्या हंगामातल्या नाटकांची पात्रनिवड होईपर्यंत खोली ताईंची. तोवर त्यांचं एक तरी माणूस खऱ्या रंगमंचावर उभं राहिलं तर खोली कायमची त्यांच्याकडे, नाहीतर पाटी उतरवायची.

भाऊजींनी तेव्हाच हात वर केले. म्हणाले, "हिचा आवाज मला जेवणाच्या टेबलापलीकडून ऐकू येत नाही, आणि ही लोकांना बोलायला शिकवणार."

"बोलायला नाही, ऐकायला," ताई म्हणाल्या.

"ते तर मी फुकट शिकलोय, तुझ्या अक्काकडे."

पाटीवर ताईंनी नाव लिहून घेतलं: 'पुढे या'. जिन्यात ही पाटी वाचून आलेली माणसं इमानेइतबारे पुढे जात, दार ओलांडून थेट गच्चीवर पोचत. तिथे भाऊजी कुंड्यांना पाणी घालत असत. "कलाकार का? खाली. मागे फिरा," असं सांगून ते प्रत्येकाची रवानगी करायचे आणि वर तो कसा दिसत होता यावर दोन शब्द जिन्यातूनच ऐकवायचे.

पहिल्याच आठवड्यात देखणी पोरं आली, पाठ केलेली लांबलचक भाषणं घेऊन आली. ताई त्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, आता याचं बघ बरं, तोवर बस बाकावर. बाकड्यावर बसलेला माणूस दुसऱ्याचं बघायचं सोडून समोरच्या आरशात स्वतःला बघू लागला की ताई त्याला चहा पाजून निरोप द्यायच्या. आरसा तिथे उगाच नव्हता.

मग त्या स्वतःच बाहेर पडल्या. सरकारी दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत एक बाई बसायची. एक म्हातारबाबा तिला आपलं दुखणं लहानपणापासून सांगत होते, मागची रांग कुरकुरत होती, आणि ही बाई ऐकत होती. बाबांच्या प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा बदलत होता. ताई रांगेत उभ्या राहिल्या आणि पाळी आल्यावर विचारलं, नाटकात काम कराल का? खिडकीवाली म्हणाली, मानसोपचार दुसऱ्या मजल्यावर. ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभ्या होत्या.

दुसरा माणूस सापडला आमच्याच जुन्या थिएटरात. ताई दुकान बघायला म्हणून गेल्या होत्या. एक नवराबायको कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून भांडत होते आणि सामान पोचवणारा टेंपोवाला ते इतकं मन लावून ऐकत होता की दोघं ओशाळून गप्प झाले. मग तो म्हणाला, "मग नेऊ का वहिनी?" तो घसा ऐकून ताईंनी खरेदीचा विचार सोडला.

या दोघांना त्यांनी कित्येक दिवस एकही संवाद दिला नाही. एकाने वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचायच्या, दुसऱ्याने ऐकायच्या. हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात ऐकताना खिडकीवालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं तेव्हा ताईंनी पहिल्यांदा नाटकाचं पुस्तक उघडलं.

निर्मात्यांकडे मात्र दारं बंद. मीही बरोबर जायचो, माझा जुना कोट चढवून. सगळीकडे एकच प्रश्न: ही दोघं कुणाची कोण? ताई म्हणायच्या, कुणाचीच नाहीत. मग आतून चहासुद्धा येत नसे. पात्रनिवडीचे दिवस सरत आले. जावयाचा फळा येऊन जिन्यात टेकवला गेला. शेवटी एका कंपनीने खुली निवड ठेवली. अट साधी होती: मदत घ्यायची नाही, अडेल तो बाद.

प्रवेश असा होता. रागावून घर सोडून गेलेल्या भावाची एक बहीण वाट बघते आहे. ती दाराशी येते आणि म्हणते, "दार उघडंच आहे." टेंपोवाल्याने आम्हाला आपल्या टेंपोतून आणलं आणि पाळी येईपर्यंत तो बाहेरच थांबला. मी रिकाम्या थिएटरात शेवटच्या रांगेत बसलो. ताईंचे पाय सवयीने विंगेकडे वळले.

खिडकीवाली पुढे आली, दारापाशी पोचली, आणि थांबली. तालमीत ती तिथे कधीच थांबली नव्हती. एक क्षण गेला, दुसरा गेला. विंगेत त्या दिवशी श्वास वर धरला होता तो ताईंनी स्वतः. आपला श्वास अडकल्यावर दुसऱ्याचा काय कळणार? त्यांनी वाक्य दिलं.

आमच्या तालमी कायम छोट्या खोलीत व्हायच्या, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा त्यांनी रिकाम्या थिएटरात प्रॉम्प्ट केलं होतं. भरल्या थिएटरात माणसं, कपडे, खोकले तो आवाज पिऊन टाकतात. इथे प्यायला कुणी नव्हतं. "दार उघडंच आहे," हे कुजबुजणं विंगेतून निघालं आणि स्वच्छ, धुतल्यासारखं शेवटच्या रांगेत माझ्या कानाशी येऊन बसलं. मला वाटलं, संपलं. फळा वर चढला.

खिडकीवालीने सावकाश मान वळवली. अंधारातून आलेला तो आवाज तिने ऐकला, जसा म्हातारबाबांना ऐकला होता तसा, अगदी शेवटपर्यंत. चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी. आणि ती म्हणाली, "ठाऊक आहे. मीच उघडं ठेवलंय." पुढचा प्रवेश तिने पुस्तकाप्रमाणे पुरा केला.

निर्मात्याचा मदतनीस उठून म्हणाला, मागून वाक्य आलं, बाई बाद, पुढचे. ताई विंगेतून बाहेर आल्या. आयुष्यभर जिथे पाऊल ठेवलं नाही त्या उजेडात उभ्या राहून म्हणाल्या की चूक माझी आहे, शिक्षा तिला नको.

दिग्दर्शिका पहिल्या रांगेत होती. तिने मदतनिसाला हाताने खाली बसवलं. "वाक्य आलं, पण तिने घेतलं कुठे? ते वाक्य तिने अजून म्हटलेलंच नाही." मग खिडकीवालीला विचारलं, "अडला होतात?"

"नाही. भावाची वाट बघत होते. तेवढ्यात आवाज आला. कुणी काही सांगत असलं तर पुरतं ऐकून घ्यायचं, एवढंच मला ताईंनी शिकवलंय."

दिग्दर्शिकेने समोरच्या पुस्तकात काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, हा प्रवेश असाच ठेवायचा, आवाजासकट. फक्त आवाज पुरुषाचा हवा, थकलेला, लांबून आलेला. असा कुणी मिळेल का?

ताईंचा श्वास आता खाली आला होता. "मिळेल की," त्या म्हणाल्या. "बाहेर टेंपोत बसलाय."

फळा जावयाच्या घरी परत गेला, त्याच टेंपोतून. भाऊजींनी 'पुढे या'च्या खाली 'इथेच' अशी आणखी एक पाटी स्वखर्चाने लावली आणि एका संध्याकाळी, अक्का आत आहेत असं बघून, ताईंना हळूच विचारलं की माझ्यात काही दिसतं का गं? ताई म्हणाल्या, भाऊजी, आधी अक्काचं एक वाक्य मध्ये न तोडता ऐकून दाखवा, मग बघू. आतून अक्कांचं हसू ऐकू आलं.

पहिला प्रयोग दुपारचा होता. तिकिटं खपली, बाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली. ताई माझ्या शेजारी प्रेक्षकांत बसल्या. इतकी वर्षं नाटकात काढून त्यांनी एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. कुठे बघायचं ते त्यांना सुरुवातीला कळेना, सारख्या विंगेकडेच बघत होत्या. बहीण दारापाशी येऊन थांबली तेव्हा त्यांनी माझं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. ओठ मात्र घट्ट मिटलेले. मग अंधारातून टेंपोवाल्याचा आवाज आला. खिडकीवाली बोलली. माझ्या पुढची बाई हुंदका आवरायला पदर शोधू लागली.

पडदा पडला, पुन्हा उघडला, पुन्हा पडला. लोक उभे होते. खिडकीवालीने वाकून नमस्कार केला आणि सरळ होताना हात आमच्या रांगेकडे केला. माना वळल्या. राजेसाहेब असून मीसुद्धा उठून ताईंसाठीच टाळ्या वाजवल्या, आणि त्या गजरात त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, काय ताई, समोरून कसं दिसतं?

त्यांनी डोळे पुसले. पण नजर रंगमंचाच्या टोकाला होती, जिथे कंदील धरून उभा राहिलेला, अख्ख्या नाटकात एकही वाक्य नसलेला गडी अजूनही खिडकीवालीकडेच बघत होता.

"छान दिसतं हो," त्या म्हणाल्या. "पण तो कंदीलवाला बघितलात? काय ऐकत होता! धरा जरा माझी पिशवी, तो कपडे बदलून निघायच्या आत मागच्या दाराशी जाते."