दिवसा कशाला दिवा

काचेला बुरशी येते असं त्याच्या आईला कुणी सांगितलं असतं, तर तिने सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. बुरशी यायची ती भाकरीला, फार तर लोणच्याला. पण तिचा मुलगा सोळा वर्षं ज्या देशात मायक्रोस्कोप दुरुस्त करून पोट भरत होता, तिथल्या बुरशीला खाण्याचे चोचले नव्हते. चामड्याचा पट्टा चार दिवस खुंटीला राहिला की त्यावर हिरवी लव यायची. कोरी पाकिटं कुणी न चिकटवता आपली आपण चिकटायची. बिस्किटांचा पुडा फोडला की संपवूनच उठायचं, नाहीतर तासाभरात त्याचा लगदा. न्हाणीघराचं दार फुगून बसायचं आणि खांदा मारल्याशिवाय हलायचं नाही. बारा महिने तेच ऊन, तोच घाम आणि संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला अंधार. आईने मोठ्या हौसेने विणून आणलेला स्वेटर पाहून त्याला हसावं की रडावं कळेना. शेवटी त्याने तो पाच मिनिटं घालून दाखवला.

आई आली होती तीन महिन्यांच्या व्हिसावर. वडील जाऊन वर्ष झालं होतं. बहीण तिच्या सासरच्या गोतावळ्यात, आणि आई दोन खोल्यांत एकटी. याने लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हा विषय नातेवाइकांनी चघळून चोथा केला होता. आईने आता इथेच राहावं एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी एक फॉर्म भरून द्यायचा होता. फॉर्म त्याने पहिल्याच आठवड्यात आणून ठेवला. आई म्हणाली, "बघू." आपल्याकडे आया 'बघू' म्हणतात तेव्हा देवालासुद्धा थांबावं लागतं, तिथे हा कोण?

राहायला तिची ना नव्हती, पण इथे ती करणार काय? तो सकाळी आठला जायचा, सहाला यायचा. दुपारभर ती घर आवरायची, आणि घर आवरून झालं की घरातला अपव्यय शोधायची. तिसऱ्याच दिवशी तो तिला सापडला. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या फटीतून उजेड येत होता. उघडून बघते तर खालच्या कप्प्यात चक्क बल्ब जळतोय! आत ना माणूस, ना देव.

कपाट कोरडं राहावं म्हणून तो बल्ब होता. वरच्या कप्प्यांत गिऱ्हाइकांची भिंगं असत. बल्बच्या उबेने आतली ओल हटायची, आणि दारात बसवलेल्या, ओल दाखवणाऱ्या छोट्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा चाळिसाच्या आसपास राहायचा. साठाच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. हे सगळं तो आईला सांगायचं विसरला, कारण त्याच्या मते ते सांगण्यासारखं नव्हतंच. तिच्याही मते विचारण्यासारखं काही नव्हतं. लेकाने दिवा लावलाय म्हणजे रात्री कशालातरी हवा असणार. पण दिवसा कशाला दिवा? म्हणून तो कामावर गेला की ती बल्ब बंद करायची आणि संध्याकाळी तो यायच्या आत इमानाने पुन्हा लावायची. रविवारी तो घरी असायचा, तेव्हा हात लावायची नाही. म्हणजे तो बघेल तेव्हा बल्ब चालूच, आणि फटीतून उजेड दिसला की काटा बघायची त्याला गरज वाटायची नाही.

दोन महिन्यांनी त्याने एका इस्पितळाची चार भिंगं बाहेर काढली. साफ करून, परत द्यायच्या दिवसापर्यंत त्याने ती जपून ठेवली होती. उजेडात धरली तर दोन भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे.

"आई, या कपाटाला तू हात लावलास?"

"दिवा तेवढा बंद करते दिवसाचा. का रे?"

मग त्याचा तोल गेला. सोळा वर्षांत आईशी फोनवर गोड बोलून साठलेला सगळा राग त्या दिवशी बाहेर पडला. "तुला इथलं काही कळत नाही! हे तुझं घर नाही, आई. मला विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस!"

आई फक्त "बरं" म्हणाली.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना त्याने सांगितलं, "चूक माझी आहे. आणखी आठ दिवस द्या." मॅडमनी तोंड वाकडं केलं, पण दिले. तिकडचं निभावलं. घरचं मात्र बिघडलं, कारण आई खरोखरच त्याला विचारू लागली. "पंखा लावू का?" "हा डबा घेऊ का?" "तुझे कपडे घडी केले तर चालतील ना?" पाहुणी बाई जशी खुर्चीच्या टोकावर बसते, तशी ती त्याच्या घरात वावरू लागली. फोनवर बहिणीला सांगताना त्याने ऐकलं, "इथे छान आहे गं. मला काही करावंच लागत नाही." त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माफी मागितली, तर म्हणाली, "अरे, तुझं बरोबरच होतं." फॉर्मची शेवटची तारीख आली शुक्रवारी, आणि फॉर्म तसाच कोरा.

आई आल्यापासून त्याने फिरती टाळली होती, पण त्याच आठवड्यात त्याला समुद्राकाठच्या एका इस्पितळात तीन दिवस जायला लागलं. घरी कपाटात अकरा भिंगं, आणि वीज कधी जाईल नेम नाही. शेजारी कुलूप. सोमवारी रात्री त्याने आईसमोर खुर्ची ओढली.

"आई, माझं एक काम आहे. दुसरं कुणी नाही."

"मला बरं वाटावं म्हणून काढलेलं काम नकोय मला."

"नाही गं. खरंच अडलंय."

त्याने तिला तबकडी दाखवली. वीज गेली तर दार अजिबात उघडायचं नाही, वीज आल्यावर बल्ब लागला का ते फटीतून बघायचं, आणि काटा पन्नाशीकडे सरकला तर फोन करायचा. "तबकडीच्या काचेतून दिसतो तो. बाहेरूनच बघ." आईने चष्मा लावून काटा तीनदा पाहिला आणि मान हलवली.

मंगळवारी फोन आला नाही. बुधवारीही नाही. त्याने केला तर ती म्हणाली, "एकेचाळीस. काम कर तू." गुरुवारी दुपारी तो इस्पितळाच्या तळघरात एका मायक्रोस्कोपचे स्क्रू मोजत असताना फोन वाजला.

"दोन तास वीज नव्हती," आई म्हणाली. "दार उघडलं नाही. काटा सत्तेचाळीसवर गेलेला, आता उतरतोय. दर पाच मिनिटांनी बघतेय."

"बरं."

"बरं काय? एरवी तू असा महिन्यातून दोनदा फिरतीवर जातोस म्हणे. इतकी वर्षं मग हे बघायचं कोण?"

"कुणीच नाही. नशिबावर सोडायचो."

"शहाणाच आहेस. आणि ऐक, तो फॉर्म मी भरलाय. उद्याच द्यायचा ना? सहीला दोन जागा होत्या, दोन्हीकडे करून टाकली."

त्याने डोळे मिटले. दुसरी जागा व्हिसा ऑफिसातल्या साहेबाच्या सहीची होती. म्हणजे उद्या सकाळी आधी नवा फॉर्म आणायचा, मग पुन्हा भरायचा, आणि ऑफिस चारला बंद.

"विचारायचंस ना गं," त्याच्या तोंडून गेलं, आणि लगेच जीभ चावली.

"कशाला?" आई म्हणाली. "घरच्याच कागदावर सही करायला तुला विचारत बसू?"

"नको," तो म्हणाला. "मुळीच नको." आणि संध्याकाळची बस सोडून दुपारचीच पकडायला त्याने हत्यारं भराभर पेटीत टाकली.