जुनी वाट पुसण्याआधी

तारापूरच्या आमच्या कारखान्यातलं नेटवर्क बारा वर्षं माझ्या ताब्यात होतं. सेटिंग बदलायचं म्हणजे शिडी घेऊन मी एकेक स्विच, म्हणजे यंत्रांचे निरोप पुढे पोचवणारी पेटी, गाठायचो. तोवर अर्धे स्विच नव्या वाटेने निरोप धाडायचे, अर्धे जुन्या. काही निरोप मधेच गडप व्हायचे आणि एखादा पंप थांबायचा. ‘एवढं चालायचंच,’ मी ठणकावून सांगायचो.

मग सगळे स्विच एका जागेवरून हाकणारा कंट्रोलर आला आणि तो सफाळ्याच्या एका पोरीच्या हाती दिला. माझ्या नाही! जळलो मी. तिचं हसणंसुद्धा मला खुपायला लागलं.

पहिला मोठा बदल शुक्रवारी, कारखान्याच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी ठरला. थंड पाण्याचे पंप तेवढे चालू होते. तिची रीत अशी: नवी वाट आधी सगळ्या स्विचवर मांडायची, जुनीला हात न लावता. यंत्रांमधलं नवं बोलणं नव्या वाटेला लावायचं, चालू असलेलं जुन्याच वाटेने पुरं होऊ द्यायचं. मगच जुनी पुसायची. ऐकताना माझा तिळपापड झाला. सातपाटीच्या बाजारात आईने मावशीला आपली जागा दिली ती अशीच. मावशी टोपली घेऊन शेजारी बसली, नवं गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं, आईचे शेवटचे बोंबील खपले, तेव्हा कुठे आई उठली. मी तिथेच खेळत होतो. मग हे मला का नाही सुचलं?

बॉयलरमागच्या जुनाट स्विचवर जुन्या वाटेने किती बोलणी उरली, त्याचे आकडे कंट्रोलरवर उशिरा दिसायचे. मी तिथे जाऊन लॅपटॉप जोडला. तिने फोनवर विचारलं, “सर, जुन्या वाटेवर अजून काही आहे का?”

होतं. एका पंपाचं बोलणं चालू होतं. आता वाट पुसली असती तर पंप थांबला असता, ठपका तिच्यावर आला असता आणि कंट्रोलर माझ्याकडे आला असता.

“काही नाही. पूस,” मी म्हणालो.

“बरं सर. पण इथे शून्य दिसेपर्यंत थांबते हं.”

ती थांबली. पंप चालूच राहिला. मला हायसं वाटलं, आणि लगेच तिच्या त्या थांबण्याचाही हेवा वाटला.

घरी आईला सगळं सांगितलं, माझं खोटं तेवढं गाळून.

“शानी हाय पोर,” आई हसत म्हणाली. “मावशीच्या जागी तू असतास ना, तर माजे बोंबील खपायच्या आदीच मला उठवलं असतंस.”

मला हसता आलं नाही.