पिवळं दिसतंच

निरोप आला तेव्हा मी गिरगावच्या शाळेत वर्गावर होतो. काळाचौकीला पोहोचेपर्यंत दादाची आकडी थांबली होती, आणि दादाही... वहिनी भिंतीला टेकून बसली होती. "पिवळं पिवळं करत गेले," एवढंच ती बोलली. महिना झाला, माझा राग काही उतरत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, गिरणीच्या रंगखात्यात होता. कापडाकडे बघूनच रंगात काय कमी पडलंय ते सांगायचा. कसं कळतं विचारलं की म्हणायचा, "मास्तर, ता तुमच्या पुस्तकात नाय." पोटात जंत झाले म्हणून तो दवाखान्यात गेला. कंपाउंडरने किरमाणी ओव्याच्या अर्काच्या पांढऱ्या पुड्या दिल्या. आधी गूळ खाऊन जंत गोळा करायचे आणि मग औषध घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. दादाने ती नेमाने पाळली.

दुसऱ्याच दिवशी त्याला सगळं पिवळं दिसू लागलं. लघवीही पिवळीजर्द. अख्ख्या चाळीने एकच निदान केलं, कावीळ. शिकलासवरलेला असून मीही तेच केलं. शीवला कावीळ उतरवणाऱ्या बाईकडे त्याला मीच घेऊन गेलो. तिने चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले, पाणी पिवळं झालं आणि आम्ही निर्धास्त झालो. पुड्या मात्र चालूच राहिल्या... कावीळ वेगळी, जंत वेगळे! एकही जंत पडला नाही म्हणून कंपाउंडरने आणखी मोठ्या पुड्या बांधून दिल्या. त्यांतली दुसरी घेतली आणि आकडी आली.

तेराव्यानंतर मी त्या कंपाउंडरला जाब विचारायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "पिवळं दिसतंच या औषधाने. फार दिसायला लागलं तर पुडी थांबवायची असते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं तर लोक औषध घेत नाहीत."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी मला धरलं, कशाला धरलं कोण जाणे. एका वाक्याने माझा भाऊ वाचला असता, आणि ते वाक्य या माणसाने गिळलं. दादाला शीवला नेणाऱ्या माझ्या या हातांचाही मला तेवढाच संताप येतो.

परवा दादाचं सामान आणायला रंगखात्यात गेलो. रोज तयार झालेल्या रंगाचा तुकडा खिळ्याला अडकवून खाली खडूने शेरा लिहायची त्याची सवय होती. शेवटच्या, आकडीच्या आदल्या दिवशीच्या खिळ्याखाली त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'पिवळा. जमला.' तुकडा कोरा पांढरा आहे. तो मी तिथेच राहू दिला. त्या कंपाउंडरने एकदा येऊन बघावा.