सही माझीच होती, फोन नव्हता

अंगात येणं, बाहेरची बाधा असलं काही कोणी बोलायला लागलं, की माझे बाबा चहा अर्धा सोडून उठायचे. मी त्यांचीच मुलगी. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... तेव्हा माझा वाचून कोणी हसलं तर तक्रार नाही.

२००४-०५ च्या सुमाराची गोष्ट. वर्ध्याला स्टेशनजवळ आमचं छोटं ऑफिस होतं – तीन कॉम्प्युटर, एक फोन. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही रिपोर्टचं सॉफ्टवेअर करायचो. मालक पाटणकर सर. आमच्या सॉफ्टवेअरच्या बनावट सीड्या फिरायला लागल्या, तेव्हा सरांनी नियम केला – प्रत्येक नव्या पॅकेजवर, म्हणजे सीडीत जाणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यावर, डिजिटल सही झालीच पाहिजे. सहीचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. शिवाय प्रत्येक पॅकेजचा एक चेकसम निघतो, बत्तीस अक्षरं-आकड्यांचा. आत एवढंसं काही बदललं तरी तो अख्खा बदलतो. सीडी एसटीच्या पार्सलने जायची, दुसऱ्या दिवशी मी फोनवर चेकसम वाचायचे. तिकडच्या स्क्रीनवर तोच दिसला, तरच सीडी टाकायची.

हिंगणघाटच्या लॅबमध्ये हे काम मेश्राम ताईंकडे होतं. पन्नाशीच्या बाई, आणि माझ्यावर कायम डूख धरून. कारणही होतं. आदल्या वर्षी आमच्याच अपडेटमुळे त्यांचे तीन दिवसांचे रिपोर्ट उडाले, आणि सरांच्या सांगण्यावरून मी पत्र लिहिलं की ताईंनी बनावट सीडी टाकली. लॅबच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडून माफीनामा लिहून घेतला. तेव्हापासून फोनवर त्यांचं एकच वाक्य – "वाचा. बाकी काही बोलू नका."

त्या दिवशी मी साडेअकराला फोन लावला. म्हटलं, "वैशाली बोलतेय."

"आता काऊन केला?" ताई म्हणाल्या. "आत्ताच तर बोलल्या ना तुमी."

"मी नाही केला, ताई."

"वीस मिनिटं झाले. तुमचाच आवाज. फोनवर नंबर बी तुमच्याच ऑफिसचा दिसून राह्यला. अकरा वाजून दहा मिनिटं."

अकरा ते सव्वाअकरा सर त्याच फोनवर सेलूच्या लॅबशी बोलत होते आणि मी त्यांच्या समोर बसले होते. दुसरी लाइन आमच्याकडे नव्हतीच.

"काय म्हणाली ती?"

"म्हणे, ही सीडी टाकू नोको. थोड्या वेळानं वैशाली फोन करीन, गोड बोलीन, तिचं ऐकू नोको. तिनं न पाहताच सही केली. मंग तुमच्याबद्दल असं असं बोलली... मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं नाई. तुमच्या आवाजात तुमालेच शिव्या देऊन राह्यली होती."

न पाहता सही केल्याचं खरं होतं. सही करण्याआधी पॅकेज उघडून फाइलींची यादी ताडून पाहायची, एक नमुना रिपोर्ट काढायचा – हे माझं काम. आदल्या संध्याकाळी पार्सलची गाडी सुटायला आली होती. मी यादी उघडलीच नाही. पासवर्ड टाकला, सही केली, आणि सरांना सांगितलं, "तपासलं." हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

पण भीतीच्या आधी मला राग आला. म्हटलं, "ताई, जुन्या गोष्टीचा सूड असा काढता का?"

"सूड? तिनं मले एक नंबर लिहून घ्यायले लावला. म्हणे, हा ज्या सीडीचा निघीन, तीच टाकजा. घ्या लिहून."

त्यांनी बत्तीस अक्षरं वाचली. मी लिहिली. माझ्या चेकसमशी त्याचा काही संबंध नव्हता. तेवढ्यात सरांनी रिसीव्हर हिसकावला. "मुकाट्यानं सीडी टाका, नाहीतर मी डॉक्टरांशी बोलतो."

"बोला," एवढंच मला ऐकू आलं, आणि ताईंनी फोन आपटला.

मी पॅकेज उघडलं. आत टेस्टिंगची एक जुनी फाइल राहून गेली होती. नमुना रिपोर्ट काढला... प्रत्येक पेशंटचा रक्तगट खालच्या पेशंटच्या नावापुढे येत होता. सही अगदी अस्सल. माल चुकीचा.

सेलूवाल्यांना चेकसम सकाळीच वाचून दिला होता, त्यांनी सीडी टाकलीही होती. सरांनी फोन करून त्यांचे रिपोर्ट थांबवले. नशिबाने एकही बाहेर गेला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुपारी तीनला मी सगळं साफ करून पॅकेज नव्याने बांधलं, ओळ न ओळ तपासलं, सही केली. चेकसम काढला. स्क्रीनकडे पाहून वाटलं, हे आपण कुठेतरी वाचलंय. सकाळचा कागद शेजारी धरला.

बत्तीसच्या बत्तीस तीच होती.

हे का अशक्य आहे, ते सांगते. पॅकेज बांधताना त्यात त्या क्षणाची वेळ जाते, सेकंदासकट. मी एक सेकंद उशीर केला असता तरी वेगळा आकडा आला असता. खात्रीसाठी लगेच पुन्हा बांधून पाहिलं – वेगळाच आला. म्हणजे तीन वाजता जन्मणारा आकडा ताईंनी अकरा वाजून दहा मिनिटांनी लिहून घेतला होता.

सरांनी तो कागद पाहिला आणि फाडला. "तुम्ही दोघी मिळून मला येडं बनवता?" त्याच महिन्यात माझी नोकरी गेली.

काही वर्षांनी मी हिंगणघाटला ताईंच्या घरी गेले, त्या पत्राची माफी मागायला. त्यांनी फाटकातूनच ऐकून घेतलं. आत या म्हटलं नाही. निघताना मी विचारलं, कोणी माझी नक्कल तर केली नसेल?

"आवाज तुमचाच होता," ताई म्हणाल्या. "फरक येवढाच, की ती खरं बोलून राह्यली होती." आणि फाटक लावून घेतलं.

आजही मी हेच काम करते, आणि न पाहता कशावरही सही करत नाही. पण तो फोन ज्याने कोणी केला, त्याला पेशंट वाचवायचे होते की मला संपवायचं होतं... हे मला अजून कळलेलं नाही.