प्रभूच्या नावचा कोंबडा

माझी सासू सरुबाई, मी तिला आत्याबाई म्हणायची. काटेवाडीत आमची ख्रिस्ती घरं पाचच, पण प्रार्थनेला तिच्यासारखा आवाज पाची घरांत कुणाचा न्हाय. उसावरच्या किडीपासनं सरपंचाच्या गुडघ्यापातुर समदं ती देवाला सांगायची. माझ्या कालवणात मीठ जास्त झालं तर तेबी सांगायची, माझ्या देखत, मोठ्यानं. मी तिला लई भ्यायची.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. सुगीच्या सणाला आमच्यातली माणसं बारामतीच्या देवळात, म्हंजी चर्चमधी, भोपळं, अंडी, कोंबडी असं काय काय अर्पण करत्यात. आत्याबाईनं त्यासाठी एक लाल कोंबडा प्रभूच्या नावानं राखला हुता. त्याला बाजरी आन मला शिळी भाकरी! सणाच्या चार दिवस आधी आत्याबाई इंदापूरला लेकीकडं गेली, आन नेमका त्याच दिवशी माझा भाऊ कुंडलिक डाळजहून सायकलीवर आला. दोन वर्सांनी आला वो! घरात डाळीबिगर काय न्हाय. माझं डोस्कंच फिरलं. मी कोंबडा कापला.

पिसं पुरली, आन आत्याबाई आल्यावर सांगितलं, "दोरी तोडून पळाला."

सणाच्या दिवशी शेजारच्या कुशामावशीनं पाटीतनं लाल कोंबडा आणला. तिचाच, तिच्या खुराड्यातला. पण आत्याबाईनं डोळं वटारलं. तिच्या मनानं घेतलं की कुशीनं आपला कोंबडा धरून स्वतःच्या नावानं देवाला वाहिला. आता वाहिलेलं परत कसं मागणार? पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादबी दिलेला.

आमच्यात दर बुधवारी सांजच्याला एकेकाच्या घरी प्रार्थना असती. कुणी प्रार्थना करत आसंल तर आमेन हुईस्तवर मधी बोलायचं न्हाय, डोळं उघडायचं न्हाय. आत्याबाईला आयतंच घावलं. "प्रभू, तू समदं बघतोस. कुणाचा कोंबडा कुणाच्या पाटीत गेला तेबी बघितलंस. त्या बाईला क्षमा कर. ती हितंच बसलीय, निळ्या लुगड्यात."

आमेन.

मग कुशामावशीची पाळी. "प्रभू, गरिबावर आळ घेणाऱ्या म्हातारीला क्षमा कर. ती खांबाला टेकून बसलीय."

वरीसभर ह्यांची क्षमा अशी चालली. आन मी मधी बसून आमेन म्हणायची, दोन्हीकडनं.

पुढचा सण आठ दिवसांवर आला तवा कुशामावशी प्रार्थनेत एवढंच म्हणली, "प्रभू, हितनं पुढं मी देवळात येणार न्हाय. तुझं घर मला आता परकं झालं." आवाज फुटला तिचा. एका कोंबड्यापायी मी बाईला देवाच्या दारातनं बाहीर काढलं की!

पाळी माझी हुती. डोळं घट्ट मिटलं आन एका दमात बोलले, "प्रभू, कोंबडा मी कापला. माझ्या भावाला घातला. मावशीनं कायबी केलं न्हाय."

आता आमेन म्हणायचं. पण आमेन म्हणलं की आत्याबाईचं तोंड सुटणार! मग कशाला म्हणतीय? मी उजनीच्या पाण्यासाठी प्रार्थना केली. दिल्लीच्या सरकारसाठी केली. इंदापूर डेपोच्या ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी केली. पाळकसाहेबांच्या लुनासाठी केली. पाळकसाहेब घोरायला लागलं, तरी मी आपली चालूच. शेवटी जगातलं समदं सरलं.

"...आमेन."

आत्याबाई उठली. मी डोळं उघडलंच न्हाईत. ती माझ्यावरनं पुढं गेली आन कुशामावशीसमोर बसली.

"कुशे, वरीसभर तुझ्यावर आळ घेतला, आन त्योबी देवाला मधी घालून. चुकलं गं माझं."

कुशामावशीनं पदरानं नाक पुसलं. "सरे, मीबी वरीसभर रोज पहाटं प्रार्थना केली, तुझी जीभ झडावी म्हणून. बरं झालं, देवानं ऐकलं न्हाय."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या काय, रडल्या काय! पाळकसाहेब दचकून जागं झालं आन म्हणलं, "आमेन."

घराच्या दारात आल्यावर आत्याबाईनं इचारलं, "भावाला कसा लागला कोंबडा?"

"दोनदा रस्सा घेतला."

"आन तुला?"

"मी खाल्लाच न्हाय. तुमच्या भ्यानं घास उतरंना."

ती हुती तितंच उभी राहिली. "इतकी भ्यायसारखी हाय का गं मी?"

व्हय म्हणलं तर पंचाईत, न्हाय म्हणलं तर पुन्यांदा खोटं.

"व्हय," मी म्हणले.

ती म्हणली, "तर मग तूबी मला माफ कर, सारजा." एवढी मोठी प्रार्थना करणारी बाई, पण माझ्यासमोर तिला पुढचा शब्द घावंना. ती चुलीपाशी गेली आन पीठ मळायला बसली. त्या दिवशी भाकरी तिनं थापल्या, आन मी नुसती रडत खाल्ल्या.