लेक कुठे नांदायला जातेय

चहा संपत आला की साहेब शेवटचा घोट जमिनीवर ओतायचे आणि उकिडवे बसून तो कुठे वाहतो ते पाहायचे. "बघू, लेक कुठे नांदायला जातेय," असं म्हणायचे. साइटवर, कॅम्पच्या दारात, एकदा तर मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या नव्या फरशीवरही. तिथे चहा सरळ मॅनेजरच्या दाराखाली गेला. "पावसात आत फायली पोहणार," साहेबांनी आनंदाने जाहीर केलं.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याला पाहून आधी हसूच येतं. सौदीत, तबूकच्या डोंगरात आमचा खडीचा क्रशर होता. मी गुहागरचा, लोडर चालवायचो. साहेब नाशिकचे इंजिनियर. साइटवरचं पावसाचं पाणी सांभाळणं हे त्यांचं काम. आता या मुलखात पावसाचा इंजिनियर म्हणजे टकल्यांच्या गावात न्हाव्याचं दुकान! आम्ही तसं बोलायचोही, त्यांच्यासमोरच.

पण आमच्या खाली, वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, एका म्हाताऱ्या धनगराची विहीर होती. साहेब रुजू झाले त्याच्या आदल्याच आठवड्यात खडीच्या ढिगांवरची भुकटी पावसाने धुऊन थेट विहिरीत गेली. शेळ्या पाण्याला तोंड लावेनात. म्हातारा गेटवर येऊन उभा राहिला. भांडला नाही, फक्त डब्यातलं राखाडी पाणी साहेबांना दाखवलं. साहेबांनी छातीवर हात ठेवून मोडक्यातोडक्या अरबीत शब्द दिला की पुन्हा असं होणार नाही.

मग त्यांनी ढिगांभोवती चर खणून घेतले आणि खाली एक मोठा खड्डा. चरातलं पाणी खड्ड्यात यावं, थांबावं, भुकटी तळाशी बसावी, निवळलेलं पाणी तेवढं पुढे जावं. पहिल्या सरीची भुकटी बसून वाळली आणि खड्ड्याचा तळ असा सपाट, घट्ट झाला की आम्ही तिथे क्रिकेट सुरू केलं. चेंडू चरात जायचा, म्हणून चर खड्ड्यात उघडतो ते तोंड दगड रचून बंद केलं.

साहेब रागावतील असं वाटलं होतं. तर ते टोपी घालून अंपायर म्हणून उभे राहिले! अट एकच. खेळ संपला की ओरडायचे, "चला, आता तोंड मोकळं करा. यल्ला!"

एका शुक्रवारी साहेब तापाने पडून होते. आम्ही खेळलो आणि दगड तसेच राहिले. हिवाळ्यात या डोंगरात पारा रात्री शून्याखाली जातो. शनिवारी सकाळी कामावर आलो तर रात्रीच्या थंडीने जमीन कडक झालेली, आणि पाऊस कोसळायला लागला. गोठलेली जमीन पाणी पीत नाही, पडेल ते सगळं धावत सुटतं. चर भरले. तोंडाशी आमचे दगड. राखाडी पाणी काठ ओलांडून विहिरीच्या बाजूला वळू लागलं.

साहेब अंगात ताप घेऊन धावत आले. कुणाला शिवी नाही की प्रश्न नाही. थेट त्या बर्फगार पाण्यात उतरले आणि दगड उपसू लागले. मग आम्ही उतरलो. लाजेने कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दगड निघाले आणि पाणी धो धो खड्ड्यात शिरलं. आमचे स्टंप तरंगायला लागले. थरथरत साहेबांनी दोन्ही हात वर केले. "पावसामुळे खेळ थांबवण्यात येत आहे!"

विहीर वाचली. दिलेला शब्दही पाळला गेला.

नोकरीत पुष्कळ साहेब पाहिले. चूक कुणाची हे आधी न विचारणारे हे एकच. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी मानतो. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. काही बिघडलं की मी आधी पाण्यात उतरतो, बोलायचं ते नंतर बोलतो.

गेल्या हिवाळ्यात साहेब कायमचे नाशिकला गेले. गाडी गेटवर उभी होती तेव्हा म्हातारा विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. साहेबांनी बाटली उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली. "नझीफ, मुहन्दिस, नझीफ!" म्हातारा ओरडला. स्वच्छ आहे, इंजिनियर, स्वच्छ! साहेब हसले आणि प्यायला लागले. बाटली संपत आली तसे आम्ही सगळे सवयीने जमिनीकडे पाहू लागलो.

साहेबांनी शेवटचा घोटही पिऊन टाकला.